दोन फुटांतला संसार

दिवाळीच्या खरेदीची यादी संपत आली, की घरातले धाकटे सभासद हळूच एक कलम पुढे सरकवतात : "या वर्षी माशांची पेटी घ्यायची ना?" वडील दिवाणखान्यातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहतात, आई त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या केरसुणीकडे पाहते, आणि बहुधा ठराव मंजूर होतो. पेटी येते ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. आमच्या नगरात (२०२४ सालापासून सरकारी कागदावर ते अहिल्यानगर झाले आहे) सावेडीतल्या फ्लॅटमध्ये काय किंवा भिंगारच्या जुन्या घरात काय, मध्यमवर्गीय दिवाणखान्याला हेच माप परवडते. इथवर सारे ठीक असते. घोटाळा होतो तो पुढे, मासे निवडताना.

दुकानात गेल्यावर ज्या माशांपुढे मुलांचे पाय खिळतात, ते पुष्कळदा सिक्लिड कुळातले असतात. पतंगासारखा एंजल, शेंदरी-काळा ऑस्कर, चोचीच्या तोंडाचा पॅरट, कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न, ताटलीसारखा डिस्कस, सारे एकाच गोताचे. सिक्लिड हे नाव परके वाटले तरी गोत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कर्जत तालुक्याला लागून उजनी धरणाचा जो फुगवटा पसरला आहे, त्यातून बाजारात येणारी चिलापी सिक्लिडच. गोव्यात चवीने खाल्ले जाणारे काळुंदर सिक्लिडच. केरळात त्याच माशाला करिमीन म्हणतात आणि २०१० साली तो तिथला राज्यमासा ठरला. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर, भारत आणि श्रीलंका असा या कुळाचा विस्तार आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या दीड हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. त्यांतली सर्वांत लहान जात करंगळीपेक्षा मोठी नाही, तर सर्वांत मोठी तीन फुटांच्या आसपास वाढते. तेव्हा "सिक्लिड पाळावा का?" या प्रश्नाला अर्थ नाही. "कोणता?" हाच खरा प्रश्न.

या कुळाचे एक वैशिष्ट्य मात्र सगळ्यांना सारखे लागू आहे. बहुतेक मासे अंडी सोडतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. सिक्लिड संसार करतात. जागा बघतात, ती झाडून-पुसून घेतात, अंड्यांची राखण करतात, पिले बाहेर पडली की त्यांना घेऊन हिंडतात. कोणी तर अंडी आणि पिले तोंडात सांभाळतात. आपली चिलापी त्यांपैकीच. मादी तितके दिवस जवळजवळ उपाशी राहते. गोल्डफिश वर्षानुवर्षे पाळला तरी हे दृश्य दिसत नाही. परंतु जो संसार करतो त्याला घर लागते, आणि घरासाठी तो भांडतो. सिक्लिडचे सारे कौतुक आणि सारी कटकट या एकाच गोष्टीतून उगवते.

आता थोडे गणित करू. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी मावते, म्हणजे पेटी काठोकाठ भरली तर छप्पन-सत्तावन्न लिटर. तळाची वाळू, दगड आणि वर मोकळी सोडलेली बोटभर जागा वजा केली, तर हाती उरते पंचेचाळीस ते पन्नास लिटर. आपल्या न्हाणीघरातल्या तीन बादल्या! एवढ्यात जन्मभर राहणारा प्राणी आपण निवडायचा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण माणसांसाठी झाली. मासा अंथरूण पाहत नाही, तो वाढत राहतो. पेटी लहान असली की मासा लहान राहतो, असे दुकानात हमखास ऐकवले जाते. त्यावर विश्वास ठेवू नये. घाणेरड्या, अपुऱ्या पाण्यात त्याची वाढ खुंटते ती आजारपणामुळे. त्याला आटोपशीरपणा म्हणणे म्हणजे उपाशी मुलाला सडपातळ म्हणण्यासारखे आहे.

या हिशेबाने दुकानातल्या मंडळींकडे पाहू. ऑस्करचे पिल्लू दोन इंचांचे आणि विलक्षण गोड असते. पाळीव कुत्र्यासारखे मालकाला ओळखू लागते. परंतु वर्षाच्या आत ते नऊ-दहा इंचांचे होते आणि पुढे फुटाच्या घरात जाते. त्याला तीनशे लिटरच्या खाली पेटी देणे म्हणजे हत्ती न्हाणीघरात बांधणे. फ्लॉवरहॉर्न हा तर निसर्गातला मासाच नव्हे. १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तो निघाला. त्याच्या कपाळावरच्या टेंगळात भाग्य असते या समजुतीमुळे लक्ष्मीपूजनाच्या सुमारास त्याला गिऱ्हाईक येते. तोही फूटभर वाढतो, आणि एकटाच राहतो, कारण दुसऱ्या कोणाला तो जिवंत ठेवत नाही. पॅरट हाही संकरच. त्याचे तोंड नीट मिटत नाही, आणि ज्या व्यंगाचे मुलांना हसू येते त्यामुळे त्याला धड खाताही येत नाही. डिस्कस देखणा खरा, पण त्याला मऊ पाणी, अठ्ठावीस-तीस अंशांची ऊब आणि मोठे भांडवल लागते. मलावी सरोवरातले पिवळे-निळे मासे चार इंचांच्या पलीकडे फारसे जात नाहीत, परंतु त्यांचा स्वभाव तापट. त्यांना मोठ्या कळपाने मोठ्या पेटीत ठेवले तर भांडण वाटले जाते. दोन फुटांत एकाचाच बळी जातो.

राहता राहिला एंजल. तो शांत, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर केला पाहिजे. एंजल लांबीत नव्हे, उंचीत वाढतो. वरच्या-खालच्या परांसकट पुरता वाढलेला मासा आठ इंच किंवा त्याहूनही उंच भरतो. आपल्या एक फूट उंचीच्या पेटीत दोन इंच वाळू आणि वर इंचभर मोकळी जागा सोडली, तर पाणी उरते नऊ इंच. म्हणजे एंजलचे डोके छताला आणि पाय जमिनीला! पेटीची उंची दीड फूट करता येत असेल आणि लांबी अडीच फूट, तर एंजलची जोडी जरूर ठेवावी. नाहीतर त्याचा मोह टाळावा.

हे सारे वगळल्यावर उरते काय, असे वाचक विचारतील. उरते ते फार चांगले आहे. पण त्याआधी आपल्या पाण्याची ओळख करून घेतली पाहिजे, कारण मासा हवेत राहत नाही.

नगर शहराला नळाने येते ते मुळा धरणाचे पाणी. शिवाय पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी वापरात असते. आपला सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. त्यातून झिरपलेले बोअरचे पाणी क्षारयुक्त, म्हणजे जड असते. गीझरवर आणि पाणी तापवण्याच्या भांड्यावर बसणारा पांढरा थर गृहिणींना सांगायला नको. नळाचे पाणी सहसा त्या मानाने सौम्य असते, पण त्यात क्लोरीन असतो. ते पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडे ठेवावे, किंवा जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत ते औषध दुकानातून आणून सांगितलेल्या मापाने घालावे. घरात पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र आहे म्हणून नुसते तेच पाणी पेटीत भरू नये; त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत आणि माशांना थोडे तरी क्षार लागतातच. मुख्य मुद्दा असा की पाणी माशाला जुळवत बसण्यापेक्षा पाण्याला जुळेल असा मासा निवडावा. स्थळ पाहताना आपण घराणे जुळते का ते पाहतो, तसेच हे.

या कसोटीवर माझी पहिली पसंती क्रिबेन्सिसला. दुकानात याला नुसते 'क्रिब' म्हणतात. मूळ गाव पश्चिम आफ्रिकेतले नायजेरिया. नर चार इंचांपर्यंत, मादी त्याहून लहान. मध्यम जडपणाचे पाणी त्याला चालते, आणि प्रकृती काटक. या जातीत मादी नराहून देखणी : विणीचे दिवस आले की तिचे पोट पिकल्या करवंदासारखे लालजांभळे होते. नर लांबट, त्याच्या पाठीवरचा पर टोकदार. त्यामुळे दुकानातच जोडी ओळखून घेता येते, ही सोय पुष्कळ माशांत नाही. आणखी एक नवलाची गोष्ट म्हणजे पाण्याच्या आम्लतेनुसार यांच्या पिलांतले नर-माद्यांचे प्रमाण बदलते.

ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी आहे त्यांच्यासाठी आणखी एक गमतीचे बिऱ्हाड आहे : टांगानिका सरोवरातले शंखवासी सिक्लिड. दीड-दोन इंचांचा हा प्राणी गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो, शंखाभोवतीची वाळू तोंडाने उपसतो आणि माणसाचे बोट आत गेले तर त्यावरही चाल करून येतो. त्याला जड, अल्कधर्मी पाणीच हवे असते. आपण ज्या पाण्याला नावे ठेवतो ते त्याला माहेरचे वाटते. पाच-सहा मासे आणि दहा-बारा शंख एवढ्यावर दोन फुटांत एक छोटीशी वाडी नांदते. शंख ओढ्याकाठी किंवा अकोल्याकडच्या भातखाचरांत मिळतात; ते उकळून, स्वच्छ करून घालावेत. हे मासे साध्या दुकानात सहसा दिसत नाहीत, मुंबई-पुण्याला चौकशी करावी लागते.

आणि आपल्या मातीतला सिक्लिड? तोही आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या खाड्या-खाजणांत राहणारा नारिंगी क्रोमाइड हा काळुंदराचा धाकटा भाऊबंद. तीन इंचांचा, हळदीच्या रंगाचा, जड किंवा किंचित खारट पाण्यात खूश असणारा. त्याची पिले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. पाजणारे मासे म्हणावे असाच हा प्रकार! भारतात सिक्लिडच्या मूळच्या जाती तीनच, आणि त्यांतली पेटीत मावणारी ही सर्वांत सोयीची. तरुण चार-पाच मासे घेऊन त्यांतून जोडी आपसूक जमू द्यावी आणि उरलेले परत करण्याचे दुकानदाराशी आधीच ठरवावे. मात्र यांना शक्य तर अडीच-तीन फुटांची पेटी द्यावी.

दोन इंचांचा रॅम हा व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा मासा रंगांनी भुरळ घालतो. परंतु त्याला मऊ पाणी आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंश ऊब लागते. नवख्याच्या हाती तो टिकत नाही. पहिले वर्ष पार पडल्यावरच त्याच्याकडे वळावे.

निवड झाली. आता घाई करू नका, हे सांगण्याची वेळ आली. पाडव्याला पेटी आणि पाडव्यालाच मासे, असा बेत बहुतेक घरांत असतो, आणि भाऊबीजेनंतर आठवड्याभरात मासे पाठीवर तरंगू लागतात. मुले रडतात. कारण साधे आहे. मासा पाण्यातच मलमूत्र सोडतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया विषारी; आणि आपल्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात तो अधिकच जहाल. काही उपयोगी जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जंतू वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध टाकल्याबरोबर दही होत नाही, तसेच हे. कोणाकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या गाळणीतला स्पंजाचा तुकडा मागून आणावा. तेच आपले विरजण. नाहीतर रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जंतूंना अन्न मिळते. म्हणून माझा हिशेब पंचांगाचा आहे : पाडव्याला पेटी भरावी आणि दत्तजयंतीला मासे आणावेत. मध्ये बरोबर सहा आठवडे मिळतात, आणि मुलांनाही वाट पाहण्याची सवय लागते.

या सहा आठवड्यांत घर सजवावे. तळाला बारीक, धुतलेली वाळू. नदीतला एखादा दगड घालायचा असेल तर त्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे, तो क्रिबच्या पेटीत नको. नारळाची अर्धी करवंटी धुऊन, काठाला लहान दार कोरून पालथी ठेवली, की क्रिबच्या जोडीला बंगला झाला. एक-दोन सावकाश वाढणारी पाणवनस्पती, झाकण, स्पंजची गाळणी आणि पन्नास वॅटचा हीटर. नगरची थंडी कोरडी आणि झणझणीत. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो, आणि या माशांना तर चोवीस ते सत्तावीस अंश लागतात. हीटरवाचून संसार चालणार नाही. पेटीसाठी टेबलही भक्कम हवे, कारण पाणी, काच आणि वाळू मिळून वजन पाऊणशे किलोच्या आसपास जाते.

दुकानात मासा घेताना तो आपल्यासमोर खातो का ते पाहावे. पोट खपाटीला गेलेला, पर मिटून कोपऱ्यात बसलेला किंवा पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा कितीही रंगीत असला तरी घेऊ नये. पन्नास लिटरमध्ये क्रिबची एक जोडी आणि वरच्या थरात पोहायला पाच-सहा झेब्रा डॅनियो, एवढेच. "अजून जागा दिसते आहे" म्हणून भर घालत गेले की एक ना धड भाराभर चिंध्या होतात. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे. आठवड्यातून एक उपवास माशांनाही मानवतो. दर आठवड्याला पाव भाग पाणी काढून तितक्याच उबेचे नवे पाणी भरावे. काढलेले पाणी तुळशीला किंवा गुलाबाला घातले तर झाड आशीर्वाद देईल.

एवढे केले, तर एके दिवशी मादी दिसेनाशी होते. ती करवंटीत अंड्यांवर बसलेली असते आणि नर दाराशी फेऱ्या घालत असतो. तीनएक दिवसांत अंडी फुटतात, आणखी आठवड्याभरात पिलांचा ढग बाहेर पडतो. आई पुढे, बाप मागे. आईने अंगाला एक झटका दिला की सारी पिले तळाला बसून निश्चल होतात. धोका टळला की पुन्हा उठतात. वीज गेली, पाहुणे आले, टीव्ही चालू राहिला, तरी घरातली मुले त्या काचेपुढून हलत नाहीत. या काळात आईबापांना छेडू नये, आणि पिलांना खाण्याची अगदी बारीक पूड द्यावी.

पिले वाढली, किंवा नको तो मासा आधीच घरात येऊन फूटभर झाला, तर काय करावे? इथे मी वाचकांना हात जोडून एक गोष्ट सांगतो. त्यांना नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. "जीवदान दिले" असे मुलांना सांगून पुष्कळ भली माणसे सीनेच्या पुलावर किंवा धरणाच्या काठी पिशवी रिकामी करतात. त्यामागे दया असते, हे मला मान्य आहे. पण चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती आपल्या देशात मुद्दाम आणली गेली, आणि आज तळी-धरणांत तिने असा काही जम बसवला आहे की मूळच्या माशांना जागा आणि अन्न कमी पडते. काचपेट्यांतून सुटलेला खरबरीत अंगाचा सकर मासाही उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याला बाजारात भाव नाही आणि जाळी मात्र फाटतात. आपल्या दिवाणखान्यातली दया कोणाच्या तरी चुलीवर पडते. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत, मोठी पेटी असलेल्या हौशी माणसाला द्यावेत, शाळेच्या प्रयोगशाळेला विचारावे. हे काही जमणार नसेल, तर तो मासा आणूच नये. निवडीचा खरा अर्थ हाच आहे.

जाता जाता, ज्यांच्या घरी आधीच पेटी आहे त्यांच्यासाठी दिवाळीचे दोन शब्द. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. फटाक्यांचा धूर, नव्या रंगाचा वास, डासांची फवारणी हे सारे त्या वाटेने माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचते. डास मारणारी पुष्कळ औषधे माशांना आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी घातक असतात. फवारणी करायचीच असेल तर दुसऱ्या खोलीत करावी. फटाक्यांच्या वेळी खिडकी लावून पेटीवर झाकण आणि जाड कापड घालावे. फराळाचा चिवडा माशांना देण्याचा मोह मुलांना होतो, तो प्रेमाने आवरावा.

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा सहलीला गेलेल्या कितीतरी मुलांनी काचेला नाक लावून पहिल्यांदा जिवंत मासा डोळे भरून पाहिला. आता ती काच आपल्या घरात आली आहे. तिच्याआड काय ठेवायचे हे आपल्या हाती आहे : गर्दी की घर. दोन फुटांत दहा रंग मावतात, पण संसार एकच मावतो. तो नीट निवडा, आणि त्याला नांदू द्या. दत्तजयंतीपर्यंत अवकाश आहे, तोवर पेटीत फक्त पाणी असले तरी पाहुण्यांना खुशाल सांगा, "आमच्याकडे बिऱ्हाड यायचे आहे."